चूल विचारा

प्रिय संजीव,

माझा पेन सातव्या रकान्यावर थांबला होता आणि हेमी माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा विचारलं, या चुलीवर जेवणारे किती. ती म्हणाली, "सात. और बाबूजी." बाबा तिच्या ओट्याशी पाटावर बसले होते. पोळी वरणात कुस्करून झाली होती. त्यांनी मान वर केली नाही.

हेमी म्हणजे आपल्या पाचपावलीच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांची भाडेकरीण. सिंधमधून आलेलं कुटुंब. आईच्या तेराव्याला तू त्यांना पाहिलं आहेस. आमची संस्था यंदा पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची पाहणी करते आहे, आणि त्यांच्या शेजारच्या जुन्या घरांचीही, त्याच फॉर्मवर. पाणी कुठून येतं, संडास किती जणांत, आजारी पडलं तर कुठे जाता. यादीत आपली गल्ली निघाली. स्वतःच्या नातेवाइकांची घरं दुसऱ्याकडे द्यायची असा नियम आहे. मी कुणाला सांगितलं नाही. अर्ध्या दिवसाचं काम वाटलं.

प्रशिक्षणात एक गोष्ट घोकून घेतात. कुटुंब ठरवताना नातं विचारू नका, चूल विचारा. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. ही गोष्ट मी नव्या मुलींना तीन वर्षं शिकवते आहे.

हेमीला विचारलं, कधीपासून. "अम्मा गईं तब से." तिची पोळी जाड असते, बाबांसाठी ती दोन पातळ लाटते, दातांमुळे. मी बाबांचं नाव तिच्या फॉर्मवर लिहिलं. वय विचारावं लागतं. "तुले माहीत नाही का वं?" बाबा म्हणाले. अठ्ठ्याहत्तर लिहिलं. पुढचा रकाना कुटुंबप्रमुखाशी नातं. तिथे आकडे असतात, पत्नी दोन, मुलगा तीन. नऊ म्हणजे नातं नाही. मी नऊ लिहिला.

मग समोरच्या खोलीत गेले, कारण शेजारचं घर म्हणजे आपलंच. फॉर्मवर इंधन विचारतात. आई गेल्यावर मी जो सिलिंडर मागवून दिला होता, त्याचं सील तसंच होतं. दर रविवारी मी दहाला जायचे आणि अकराला निघायचे, जेवणाच्या आधी. चहा हेमीची मुलगी आणून द्यायची. मला तो शेजारधर्म वाटायचा. तू फोनवर जेवलात का विचारायचास, ते हो म्हणायचे, आणि ते खरंच होतं. जिथे चूल पेटत नाही त्या घराच्या फॉर्मवर आम्ही दोनच शब्द लिहितो, "कुटुंब नाही". आपल्या घराच्या फॉर्मवर मी तेच लिहिलं.

सही घेण्याआधी सगळं वाचून दाखवायचं असतं. मी वाचून दाखवलं. रोज वाचते त्याच आवाजात. नत्थूजी, अठ्ठ्याहत्तर, नातं नाही. थांबता आलं असतं. बाबा म्हणाले, "बरोबर लिवलं वं," आणि ताटात हात धुतले. अर्धी पोळी तशीच होती.

शेवटचा प्रश्न राहिला होता, येत्या वर्षात जागा बदलणार का. हेमी म्हणाली, "कल सुबह. आपने ही तो बोला था." बोलले होतेच. घराला गिऱ्हाईक आलंय, खोल्या रिकाम्या हव्यात, असं तू सांगितलंस आणि पंधरा दिवसांपूर्वी मी ते तिला सांगितलं. ती बरं म्हणाली. बाबांबद्दल अवाक्षर काढलं नाही. कन्हानला त्यांना खोली मिळाली होती. नवा पत्ता पोलिसांत द्यावा लागतो म्हणून नवऱ्याच्या तीन चकरा झाल्या होत्या. बाबांचं आपण फोनवर ठरवलं होतं, सहा महिने तुझ्याकडे पुण्याला, सहा माझ्याकडे. त्यांना विचारायचं राहिलं होतं. मी तेव्हा विचारलं. उद्या दुपारी न्यायला येते म्हटलं. ते म्हणाले, "पाहू."

बाहेर नळावर भागीरथाकाकू होत्या. त्यांचाही फॉर्म भरायचा होता. पाण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "पानी येते वं बरोबर. हे लोकं आले तवा म्या लय भांडली, आता नाही भांडत. तुह्या बापाले ताप आला तं थे पाकिस्तानवाली रातभर बसली. अन् तू फारम भरून राहिली." तो फॉर्म मी पूर्ण भरला. तक्रार नाही, असं लिहिलं.

शनिवारी तू कागद घेऊन येशील. माझी सही मी करून देईन, घर तू विक. पण तू थेट माझ्या घरी येशील, बाबांसाठी संत्र्याची बर्फी घेशील, आणि दार उघडल्यावर पहिलं त्यांना हाक मारशील. ते मला बघवणार नाही. फोनवर तीनदा सांगायला घेतलं, जमलं नाही. म्हणून लिहिते आहे. त्यांना आणायला मी कन्हानला जाणार नाही. तू गेलास तर अडवणार नाही.

फॉर्म भरले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला थांबवेना म्हणून मी सकाळी आठलाच गेले. टेम्पो भरून झाला होता. बाबा ड्रायव्हरजवळ बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी होती. त्यांनी मला घराची किल्ली दिली आणि टेम्पो गेला.

तुझीच,
मयुराताई