पैसे त्यांचे, बोट माझं

७ नोव्हेंबर, शुक्रवार. नाशिक.
मॉलच्या लकी ड्रॉमध्ये मला गोव्याच्या रिसॉर्टची ट्रिप लागली. दोघांसाठी, फाइव्ह स्टार. खाली बारीक अक्षरात 'कॅसिनो'. कूपन मी प्रेशर कुकरच्या आशेने भरलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते.

अडचण एकच. पुढच्या रविवारी कॉलनीतल्या बुद्धविहारात माझं भाषण आहे. विषय 'जुगार: संसाराला लागलेली कीड'. भाषण चांगलं झालं तर मुलांचा रविवारचा वर्ग तुलाच, असं महिला मंडळाच्या आशाताई म्हणाल्यात. तो वर्ग मला हवाच आहे. शाळेत जायच्या आधी बाबांनी ताटात रवा पसरून, माझं बोट धरून 'अ' गिरवून घेतला होता. मीही मुलांना तसंच शिकवणार. रवासुद्धा बघून ठेवलाय.

निर्णय: जायचं. अभ्यास म्हणून.

८ नोव्हेंबर
बाबांनी परवानगी दिली. एकच वचन घेतलं: बोटीवर पाय ठेवायचा नाही. बाबांच्या मते गोव्यातला सगळा जुगार नदीतल्या बोटींवर चालतो. आमच्या रिसॉर्टचा कॅसिनो तळमजल्यावर आहे. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोटं बोलू नये असं पंचशीलात आहे. गप्प बसू नये असं कुठेही नाही. दोनदा तपासलं.

सोबत देवळाली कॅम्पची सुमनआत्या. तिला मोहापासून जपायची जबाबदारी माझ्यावर.

११ नोव्हेंबर. गोवा.
बाथरूम आमच्या हॉलपेक्षा मोठं. साबणाच्या वड्या पाहताक्षणी आत्याने पिशवीत टाकल्या. मी तिला दुसरं शील ऐकवलं. ती म्हणाली, न दिलेलं घेऊ नये, एवढंच आहे ना त्यात? हे त्यांनी दिलंय. आणि भाचीबाई, तुम्ही इथे फिरायला आलात की फौजदार म्हणून?

वाद घातला नाही. तिची तत्त्वं सैल आहेत.

दुपारी.
कॅसिनो पाहिला. नुसता पाहिला. दारातच बुद्धमूर्ती, तिच्यावर जांभळा लाइट आणि दोन्ही बाजूंना जुगाराची मशीनं. मॅनेजरला जाब विचारला. मूर्ती 'पीसफुल व्हाइब'साठी आहे म्हणे. मी चपला काढल्या आणि तिथेच तीनदा वंदन केलं. उठते तोच शेजारचं मशीन घणघणायला लागलं.

मशीनवर बहिरूशेठ होते. विंचूरचे कांदा व्यापारी, आपल्याच जिल्ह्यातले. म्हणाले, ताई, तुमच्यात लय पॉवर हाय, अजून एक नमस्कार हाणा. मी ठणकावून नाही म्हटलं. वंदन फायद्यासाठी करत नाहीत. मग म्हणाले, बरं, नमस्कार ऱ्हाऊ द्या, नुसतं बटण दाबा. वडीलधारे आहेत. किती वेळा नाही म्हणायचं? दाबलं. पुन्हा घणघण.

हा जुगार नव्हे. पैसे त्यांचे, फक्त बोट माझं.

१२ नोव्हेंबर. सकाळी ११.
ठराव: आज कॅसिनोत पाऊल टाकायचं नाही.

११.१०
चष्म्याची केस तिथे राहिली असावी. जाऊन बघते.

दुपारी.
केस पर्समध्येच होती. पण बहिरूशेठनी चार लोकांना सांगून ठेवलं होतं, नाशिकची ताई येणार म्हणून. रांग लागली होती. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणणं समतेच्या तत्त्वात बसत नाही. सगळ्यांची बटणं दाबली.

संध्याकाळी.
बहिरूशेठ जेवायला गेले आणि मशीन रिकामं झालं. माझे थोडे पैसे घालून पाहिले. अभ्यासाला प्रात्यक्षिक हवंच. घणघणलं नाही. मशीन बिघडलं होतं. शेजारचं पाहिलं, तेही बिघडलेलं. ती ओळच्या ओळ बिघडलेली आहे. मॅनेजरला सांगितलं. तो नम्रपणे हसला. गोव्यात मेंटेनन्सकडे कोणाचं लक्ष नाही.

आत्या दिवसभर स्विमिंग पूलमध्ये पाय सोडून बसली होती. शेवटी मला शोधत आली. म्हणाली, उठ आता, बोटाला घट्टा पडेल. मी म्हटलं, मी तुलाच शोधत होते. हे खोटं नाही. मनातून शोधतच होते.

१३ नोव्हेंबर
परतीचा प्रवास. निघताना बहिरूशेठनी पत्ता विचारला. दिला. चुकीचा पत्ता देणं मला जमत नाही. शेवटी खोटं न बोलण्याचं चौथं शील आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. नाशिक.
भाषण उत्तम झालं. 'पहिल्या नाण्यालाच थांबा' या वाक्यावर टाळ्या. पुढच्या रांगेतून बाबा उठले आणि सगळ्यांना म्हणाले, माझी मुलगी गोव्याला जाऊन आली, पण बोटीवर पाय ठेवला नाही तिने.

तेवढ्यात दारात बहिरूशेठ. हातात पेढे, मागे ड्रायव्हरच्या खांद्यावर कांद्याची गोणी. घरी गेले होते, शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं. चपला काढता काढता म्हणाले, ताईंचं बोट म्हंजे लय लकी.

बाबा म्हणाले, ती बोटीवर गेलेलीच नाही.

बहिरूशेठ म्हणाले, बोट नव्हं हो बाबा, बोट. आणि स्वतःचं बोट वर करून दाखवलं. मग सगळं सविस्तर सांगितलं. कृतीसह. घणघणसुद्धा तोंडाने काढून दाखवली.

मी आधारासाठी आत्याकडे पाहिलं. ती पेढा खात होती. म्हणाली, दादा, पोरगी शब्दाची पक्की आहे. पाय कुठे ठेवला तिने, नुसतं बोट ठेवलं.

सगळे हसले. बाबा नाही.

१७ नोव्हेंबर
आशाताईंनी मुलांचा वर्ग मंडळातल्या पूजाला दिला. तिला जुगारातलं काहीच कळत नाही. अभ्यासाला किंमत नाही, दुसरं काय.

सकाळी मी चहा दिला, तेव्हा बाबांनी चष्म्यावरून माझ्या बोटाकडे पाहिलं. रव्याचं ताट त्यांनाही आठवलं असावं. मी हात ओढणीआड घेतला.

दुपारी आशाताईंचा फोन आला. वर्गाचं विसर, म्हणाल्या. पण शनिवारी मंडळाची भिशी आहे. ती कोणाला लागणार त्याची चिठ्ठी तूच उचलायची, असं सगळ्या बायकांनी एकमताने ठरवलंय. येताना बोट धुऊन ये.

हो म्हटलं. यात वावगं काही नाही. चिठ्ठ्या त्यांच्या, फक्त बोट माझं.