कौलं चाळायच्या दिवशी आलेला पाहुणा

आई, परवा कोपरीला गेले होते. आपल्या बैठ्या बंगल्याच्या जागी केव्हाच सात मजले उभे राहिलेत, तरी मान वर करून मी आपली कौलंच शोधत राहिले. खाडीचा खारा वारा खिळे खाऊन टाकायचा, कौलं सरकायची, आणि दर मे महिन्यात तू पदर खोचून छपरावर. बाबांना स्टुलावर चढलं तरी घेरी यायची, म्हणून ते खालून सूचना द्यायचे आणि तू एकही ऐकायची नाहीस. तडकलेली कौलं बदलता बदलता वरूनच अख्ख्या आळीशी तुझ्या गप्पा चालायच्या. किती खूश असायचीस गं तेव्हा!

शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमारासच्या त्या मे महिन्यात मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. दोन स्थळं तू परत पाठवली होतीस, एकानं चहा बशीत ओतला म्हणून, दुसऱ्यानं ओतला नाही म्हणून. तिसरं सांगून आलं ते माझ्याच ऑफिसातल्या, डोंबिवलीच्या मुलाचं, आणि तो मला मनापासून आवडायचा, हे तुला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी आईवडिलांबरोबर यायचं सोडून हा दुपारीच एकटा टपकला. मी आत पोहे परततेय आणि छपरावरून तुझा आवाज येतो, "लवकर आलास ना, मग चार कौलं दे रे वर!" तो बूट काढतो, इस्त्रीची पँट दुमडतो, मोज्यांनिशी शिडी चढतो. कौलं देऊन थांबेल तर ना, तुझ्यावर छाप पाडायला थेट छपरावरच जातो. "पाय वाशावर टाक, कौलावर नको!" तू ओरडतेस. तेवढ्यात कडाड्! माझ्या कढईच्या बरोबर वर एक पाय लोंबकळतोय, मोज्यातून अंगठा बाहेर, पोह्यांत कौलाचा चुरा. मी आधी पोट धरून हसले आणि मग रडकुंडीला आले. तुझ्या छपराला भोक पाडणाऱ्याला तू मुलगी देणं शक्यच नव्हतं.

खाली उतरवून तू त्याच्या नडगीला हळद लावलीस. "घाबरलास?"

"हो काकू. पण हातातलं कौल नाही सोडलं. एक फुटलं तेवढं पुरे."

खरंच, ते त्यानं अजून छातीशी धरलं होतं. तू हसत हसत उंबऱ्यावरच बसलीस. त्याचे आईवडील आले तेव्हा दारातच त्यांना म्हणालीस, "मुलगा पसंत आहे. पोहे तेवढे नवे करावे लागतील."

मग मला आत नेऊन हळूच विचारलंस, "तुला चालेल ना गं?" मी मान खाली घालून म्हणाले, "तू म्हणशील तसं." केवढी सुखावलीस तू! हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणूनच लिहायचा धीर होतोय. आई, तू नाही म्हणाली असतीस ना, तरी मी त्याच्याशीच लग्न केलं असतं.