न दाबलेला काटा

७ सप्टेंबर, रविवार
गोराईची खाडी. पौर्णिमेचं पाणी, ओढ फार. नेहमीचा जोडीदार शिरीष आला नाही, धक्क्यावर रॉड घेऊन मी एकटाच. जिताडा मासा आग्नेलच्या जाळ्याच्या खुंटांपाशी उठत होता. तिकडे टाकू नका, असं तो आम्हा रॉडवाल्यांना दर वेळी सांगतो. टाकला. लुअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, जाळ्यात अडकला. दोरी तोडून निघालो. परवाच रंगवलेला होता, लाल शेपटीचा. वाईट वाटलं ते लुअरचं.

९ सप्टेंबर
काल जाळं ओढताना आग्नेलच्या उजव्या तळहातात गळ घुसला. आम्हा रॉडवाल्यांच्या ग्रुपवर फोटो आला. लाल शेपटी. खाली शिरीषचा प्रश्न : कुणाचा रे?
कुणीच उत्तर दिलं नाही. मीही.

१० सप्टेंबर
गळाच्या टोकामागे उलटा काटा असतो. तो पकडीनं दाबून टाकायचा, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. ग्रुपमधल्या पाचही जणांना हे मी शिकवलं. या गळाचा दाबला नव्हता. आदल्या आठवड्यात मोठा जिताडा निसटला होता, म्हणून.
दाबला असता तर आग्नेलनं तो जागच्या जागी उपसून काढला असता. डॉक्टरला तळहात चिरावा लागला.

१४ सप्टेंबर, रविवार
धक्क्यावर बैठक. आग्नेलचा भाऊ बॉस्को तापलेला. मासा धरायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा, हे पोट भरलेल्यांचे खेळ, म्हणाला. उद्यापासून रॉड दिसला तर खाडीत जाईल, मागोमाग रॉडवाला. लोक हसले. शिरीष म्हणाला, बारीक जाळ्यांनी पिल्लं तुम्हीच संपवता. त्यावर बॉस्को : "मग तू घाल मुंबईला जेवायला. रॉडनं."
आमच्या लोकांनी मला पुढं केलं. सर, तुम्ही बोला.
बोललो. आमच्यातला प्रत्येक जण काटा दाबतो, या गळाचा दाबलेला नाही, म्हणजे तो आमचा नाही. वाक्यं नीट आली. वर्गात येतात तशी.
आग्नेल बँडेज बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "सर खोटं बोलायचे नाय."
तेवढ्यावर मिटलं. रॉडला परवानगी राहिली. फेरीबोटीत शिरीषनं पाठ थोपटली. झकास बोललास, म्हणाला.

१६ सप्टेंबर
आग्नेलला फोन केला. सांगायचंच, असं ठरवून. दोन बोटं मिटत नाहीत, म्हणाला. मासेमारीची पावसाळी बंदी उठून दीडच महिना झालाय, हेच कमाईचे दिवस. जाळ्यावर त्याच्या जागी फिलू जाते. बायको.
मग मी मलमाचं नाव सांगितलं. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. आभार मानले.

१८ सप्टेंबर
ग्रुपवर शिरीषनं माझं बोलणं लिहून टाकलंय. खाली अंगठे.
त्याला तरी सांगावं. तो गप्प राहा म्हणेल. ते मला…

२१ सप्टेंबर, रविवार
रॉड न घेता गोराईला गेलो. आग्नेल ओट्यावर, डाव्या हातानं जाळं सांधत होता. जमत नव्हतं. फिलू नुकतीच खाडीवरून आलेली, साडी कमरेपर्यंत ओली. फळं दिली. ती घेतली नाहीत तिनं, खाली ठेवायला सांगितली.
मग माझ्याकडे न बघता : "सर, तो गळ तुमचा व्हता काय?"
आग्नेल ओरडला तिच्यावर. घरी आलेल्या माणसाला काय विचारतेस. माझी माफी मागितली त्यानं. त्यानं.
मी नाही म्हणालो नाही. हो म्हणायला तोंड उघडलं होतं, असं आत्ता वाटतंय. खात्री नाही.
फिलूनं चहा आणला. मी कप रिकामा करीपर्यंत समोर उभी राहिली. मग म्हणाली, अमावास्येचं पाणी हाय, उद्या जाळ्यावर एक माणूस कमी पडतो. येता काय?
येतो म्हणालो. आग्नेल हसला. सरांचे हात बघ गं, म्हणाला, खडूचे हात.
ती हसली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. पहाटे
कॉलेजला रजा कळवली. पहिल्या बोटीनं निघतोय. होडीत आम्ही दोघंच असू, फिलू आणि मी. ती पुन्हा विचारणार नाही.