खिडकीकडची बाजू

१४ नोव्हेंबर

ताई,

सप्रेम नमस्कार. तू बरी असशील. फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय, सांभाळून घे.

इकडे सगळं नेहमीसारखं. सकाळपासून दोनदा चहा केला आणि दोन्हीदा प्यायचा विसरलो.

बंदरातलं शिडाचं जहाज मोडीत काढलं. आपल्या जन्माआधीपासून चिखलात रुतलेलं, तेच. महिन्यापूर्वी माणसं आली, करवती आल्या. अण्णा तेव्हा अंथरुणाला खिळलेले आणि खाट खिडकीशी. उभा जन्म जहाजांचं सुतारकाम केलेला माणूस, त्याच्या डोळ्यांदेखत फळ्या उपसायच्या? मी मुकादमाच्या हातापाया पडलो. भला माणूस. त्याने समुद्राच्या अंगाने खोलायला घेतलं. खिडकीतून बघावं तर जहाज जसंच्या तसं. मागे सगळं पोकळ.

मला वाटलं, अण्णांना पत्ता नाही. एकदा म्हणाले, "बारक्या, फटींतून पलीकडचं पाणी चमकतंय. त्यांना सांग, आधी खिळे काढा, म्हणजे फळी चिरत नाही."

परवा त्यांनी आपणहून तुझा विषय काढला. शहरात चला म्हणून तू हटून बसली होतीस आणि ते जहाज सोडून यायला तयार नव्हते, तेव्हा जाताना दारातून ओरडलीस ना, "मग त्या लाकडालाच मुलगी म्हणा!" ते त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. म्हणाले, "तिला सांग, लाकूडच होतं ते."

काल पहाटे अण्णा गेले. फोन त्याचसाठी करत होतो. तुझ्या फोनची वाट बघून संध्याकाळी सगळं उरकलं. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण हात वळला नाही. मला अजून रडू आलेलं नाही. शेजारच्या काकूंना त्याची काळजी वाटते. मला नुसती झोप येते.

आज मुकादम आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, "आता ही बाजू काढू का?" त्याचं काही चुकलं नाही. ज्यांच्यासाठी ठेवली होती, ते गेले.

मी म्हणालो, "थांबा. अजून एक जण बघायची राहिलीय."

महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय.

तुझा,
बारक्या