आठ पाऊणे सहा

रविवार, ३ मे

तंबूविरुद्ध माझी लेखी तक्रार आहे. तो पिशवीतून सुखाने बाहेर येतो, पण परत आत जात नाही. अंगणात दीड तास झटापट केली. दोन स्वर शेजारी येऊनही त्यांचा संधी होत नाही, त्याला व्याकरणात प्रकृतिभाव म्हणतात. तंबू आणि पिशवी यांचं तेच आहे. यशराज म्हणाला, "तात्या, तुमी नका हात लावू, फाटंल." पोरगा केरळात त्रिशूरला गलाई करतो, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करतो, नाजूक कामातलं त्याला कळतं. बापाच्या हातावर एवढा अविश्वास मात्र तिकडेच शिकला असावा.

उद्या समुद्रावर. हॉटेल नाही, किनाऱ्यावर तंबू! कडेगावात कॅनॉलपलीकडे पाणी न बघितलेली आम्ही माणसं.

सोमवार, ४ मे

पोचलो. घाटात धाकट्या नातवाने, साईराजने, माझ्या धोतरावर सगळी न्याहारी परत केली.

वाटेत पुन्हा विषय काढला. नातीला, प्रांजलला, दोन वर्षं आमच्याकडे ठेवा. दहा वर्षांची झाली. मल्याळम लिहिते, इंग्रजी लिहिते, मराठी नुसती बोलते. वर्षभर हेच मागतोय. यशराज म्हणाला, "बघू." सूनबाई संयोगिता म्हणाली, "लय वांड हाय मामंजी ती. तुमाला झेपंल का?" पंचवीस वर्षं आठवीच्या वर्गाला संस्कृत शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न!

मंगळवार, ५ मे

आमच्या कुटुंबाची, मनुबाईची, अंगारकी. वाळूत बसून साबुदाण्याची खिचडी. दात कुरकुरले, तक्रार कोणीच केली नाही.

बुधवार, ६ मे

आज फार छान गेला. प्रांजलला पाऊणकी शिकवली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊणे दीड. कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, हे सांगितलं तर डोळे एवढे मोठे झाले. "म्हंजे मोबाइल नको?" नको. पंचांग डोक्यात पाहिजे. "तुमच्या डोक्यात हाय?" म्हटलं, आहे. संध्याकाळपर्यंत पंधरापर्यंत पाठ. तिच्या वयात यशराजला मी छडी घेऊन बसायचो. हिला गोष्टीसारखं सांगितलं. त्यालाही तसं सांगता आलं असतं.

गुरुवार, ७ मे



किनाऱ्याच्या टोकाला कातळ आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं, भरतीला त्याचं बेट होतं. साडेदहाला प्रांजलने विचारलं, "आजोबा, आज तिथी?" मी म्हटलं, अष्टमी. "आठ पाऊणे सहा. सहा नि सहा बारा. म्हंजे बारापर्यंत पाणी मागं जाणार. खेकडं बघून येऊ?" शाब्बास म्हटलं. जा म्हटलं. आणि वर्तमानपत्र उघडलं.

सव्वाबाराला हाक ऐकली. कातळ आणि वाळू यांच्यामध्ये पाणी. ती वर उभी, चपला छातीशी धरलेल्या. यशराज कपड्यानिशी धावला. त्याच्या छातीपर्यंत पाणी होतं. खांद्यावर घेऊन आला.

संयोगिताने तिला थोबाडीत मारली. "कुणी जा म्हटलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "अकराच्या आत परत ये, असं मी तिला बजावलं होतं."

व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य.

प्रांजलने माझ्याकडे बघितलं. आई विचारत होती, "बोल की. सांगितलं हुतं का न्हाई आजोबांनी?"

"व्हय," ती म्हणाली. "सांगितलं हुतं."

तासाभराने मनुबाई भांडी घासता घासता हळूच म्हणाली, "आवं, आष्टमी कशी आसंल? परवाच तर माझी अंगारकी झाली." यंदा चतुर्थी दोन दिवस होती, म्हणून आज पंचमी होती. ओहोटी पावणेदहालाच संपली होती. मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली. ती भांडी घासत राहिली.

शुक्रवार, ८ मे

परत निघालो. गाडीत प्रांजलला विचारलं, नऊ पाऊणे? "मला येत न्हाई," म्हणाली. तिला येतं.

घाटात चहाला थांबलो तेव्हा यशराजला बाजूला घेतलं. "कालचं ते," एवढंच म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ द्या तात्या. पोरंच हायत, करायचीच आसलं." मी जाऊ दिलं. चहा संपवला.

शनिवार, ९ मे

काही नाही. ऊन.

रविवार, १० मे

यशराज सकाळी जवळ येऊन बसला. "तात्या, आमी ठरवलंय. प्रांजल तुमच्यापाशी ऱ्हाऊ दे. दुकानाच्या रगाड्यात आमी तिला बघत न्हाई, म्हनून आशी वाऱ्यावर गेलीय. तुमच्या धाकात वळण लागंल."

वर्षभर मागत होतो ते असं मिळालं. त्याच क्षणी खरं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "शाळेत मी बोलून घेतो."

प्रांजलला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "मी त्या पाण्यात गेले म्हनून हे का?" एवढंच तिने आईला विचारलं. आई म्हणाली, "शिक्षा न्हाई गं बाळा." मी तिथेच होतो, पेपर घेऊन.

बुधवार, १३ मे

सकाळी ते गेले. प्रांजल राहिली आहे. शेजारच्या खोलीत दप्तरावर नाव घालते आहे.

मोजण्यात चूक झाली नव्हती. तिने तिथी विचारली तेव्हा मला ती आठवतच नव्हती. वारही आठवत नव्हता. तोंडाला आली ती सांगितली. दिवाळीपासून असं होतंय. गावच्या बातम्या मी पेपरला पाठवतो, मार्चमध्ये एकाच सत्काराची बातमी दोनदा पाठवली. वडूजच्या स्टँडवर तासभर बसून राहिलो, कुठे जायचं ते आठवेना. कोणाला सांगितलेलं नाही. आता पोर माझ्या ताब्यात दिली आहे, आणि मला भीती वाटते.