होडीतली बाई

मंगळवार, ड्युटीवरून आल्यावर

लोक दोन कंपन्यांचे स्वस्त ई-रीडर मागवतात, एक ठेवतात आणि दुसरा पूर्ण्याच्या आमच्या गोदामात परत पाठवतात. पान उलटतं का बघायचं आणि आतलं सगळं पुसायचं, हे माझं काम. आज एकात कुणाची तरी कादंबरी अर्धवट उघडी होती. बाई होडीत बसली, मागून कुणीतरी हाक मारली, आणि तेवढ्यात सुपरवायझर भोईरदादा ओरडले, “काय रं, परीक्षा हाय का तुझी? पूस लवकर!”

घाबरून पुसलं. कादंबरीचं नावही बघितलं नाही.

नववीत शाळा सुटल्यापासून एवढं मन लावून काही वाचलं नव्हतं. त्या दोन कंपन्यांतला कोणता ई-रीडर स्वतःसाठी घ्यावा, हे मी रोज ठरवतो. उजेड कुणाचा चांगला, बॅटरी कुणाची टिकते, सगळं पाठ आहे. पण कोणताही घेतला तरी त्यात ती बाई नसेल.

हाक ऐकून ती वळली असेल का?