अकरा नंबरचा आवाज

३ फेब्रुवारी

काय वं वही, काल तुले काय सांगतलं होतं, आठवते? नाहीच आठवत! विसरभोळी कुठली. तू विसरते अन् मले वाचता येत नाही — चांगली जोडी जमली आपली. गुलनार वाचून दाखवन तवाच तुया पोटातलं मले कळते.

तं पुन्हा ऐक. मी भागीरथा, महागावची. सध्या यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात, बायांच्या वार्डात, अकरा नंबरच्या खाटेवर. मी बोलते, गुलनार लिहिते. गुलनार म्हणजे बारा नंबरवाल्या बुढीची सून, लोहारा गावची. बुढीच्या पायाले साखरेची जखम. बुढी झोपते अन् सून माही बडबड लिहिते.

मी बिमार म्हणून नाही आली, मले बलावणं हाये! डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरायची परीक्षा असते, त्यायले तपासाले माणूस लागते. माया काळजाची एक झडप बारीक झाली. तिच्यातून रक्त जाताना आवाज येते. तो म्हणे लय चांगला आवाज, पुस्तकात लिहिला तसा. आठ वर्षं झाली, फेब्रुवारी लागला की फोन येते — "आजी, या." आता लग्नाले कोणी बलावत नाही. हे बलावतात.

माहा पोरगा नयन पांढरकवड्याले ट्रकच्या सामानाचं दुकान चालवते. म्हणे, "जाय माय, तेवढाच तुले आराम. मी रविवारी चक्कर मारतो."

८ फेब्रुवारी

रविवार गेला. दुकानात गिऱ्हाईक असन.

१० फेब्रुवारी

आज एका पोट्ट्यानं विचारलं, "आजी, तुम्ही इथं कधीपासून येता?" मी म्हटलं, बापू, तुया बापाचं लग्न नोहोतं तवापासून!

आधी हा साधा सरकारी दवाखाना होता. जरा अवघड निघालं की कागद हातात — नागपूरले न्या. नेता नेता माणूस रस्त्यातच जाये. मंग कॉलेज निघालं. नयन त्याच सुमाराले झाला, इथंच. शिकाऊ डॉक्टर होता, मिसरूड नुकतंच फुटलेलं. त्याचे हात माह्यापेक्षा जास्त कापत होते! कळा मले, घाम त्याले. मीच म्हटलं, "भिऊ नको बाप्पा, होते बरोबर." झालं. पोरगं रडलं तवा डॉक्टरही रडला.

आता माळ्यावर माळे चढले. पार तेलंगणाच्या शिवेवरून लोक येतात. कोरोनात याच वार्डात पाय ठेवाले जागा नोहोती. कोणाच्या दंडावर सुई शिकतात, कोणाच्या पोटावर लिव्हर शिकतात. शाळेचं तोंड मी पाह्यलं नाही, पण डॉक्टरायची शाळा माया छातीवर भरली. नाव मातर कोणाले माहीत नाही. दारातूनच विचारतात, "अकरा नंबरची झडप कुठं आहे?" अरे, झडपेभोवती एक बाईही हाये!

१२ फेब्रुवारी

आज दोन गोष्टी सांगते. गुलनार, लिही पण बोलू नको.

एक. परीक्षेच्या दिवशी पोराच्या वाट्याले मी आली, की तो भेदरून बसते. मास्तर यायले पाऊण घंटा असते. मंग मीच हळूच त्याच्या कानात सांगते — "मायट्रल स्टेनोसिस." आपलं नाव लिहिता येत नाही, पण हे चुकत नाही! वार्डात सगळ्याच बाया असं करतात, आपापला रोग सांगून देतात. माया हातानं बरेच पास झाले. कोणी पेढा नाही आणला, ते सोडा.

दोन. पंधरा दिवस झाले, मधीच काळीज उधळते. बैलजोडी बुजल्यावानी. थोडा वेळ पळते, मंग आपोआप थांबते. इथं सांगतलं तं नागपूरले धाडतील, फुगा घालून झडप मोकळी करतील. मागंच म्हणत होते, मीच नाही म्हटलं. झडप मोकळी झाली की आवाज गेला. आवाज गेला की मले बलावन कोण?

गुलनार म्हणते, "आजी, ये मजाक की बात है? डॉक्टरनी को बोलो." म्हटलं, तुया सासूची शपथ, बोलायचं नाही.

१७ फेब्रुवारी

परीक्षा झाली. वाईट झाली.

माया वाट्याले आली अर्पिता. बारीकशी पोरगी, दुसऱ्यांदा बसली. "मागच्या वेळी राहिले आजी. या वेळी राहिले तर बाबा घरी बोलावतील," म्हणे. पण आधी तिनं माहं नाव विचारलं. नळीचं थंड टोक तळहातावर घासून गरम केलं, मंगच छातीले लावलं. आठ वर्षांत असं कोणी नाही केलं.

मी वाकून सांगतलं, नेहमीचं. ती म्हणे, "ते आहेच आजी. थांबा." अन् नेमकं तवाच काळीज उधळलं! तिनं एका हातानं मनगट धरलं, कान छातीवर, डोळे घड्याळावर.

"आजी, छातीतले ठोके आणि हातातले ठोके जुळत नाहीत. हे कधीपासून?"

"काही नाही वं. मी सांगतलं तेवढंच लिही."

"मला जे ऐकू आलं ते मी लिहिणार."

बाहेरगावचे मोठे सर आले तोवर बैल पुन्हा सरळ चालाले लागले होते. सरांनी कान लावला. ठोके बरोबर. पोरीनं लिहिलेलं वाचलं, कपाळाले आठी. मले विचारलं, "आजी, कधी धडधड होते का?"

अर्पिता माह्याकडं पाहत होती.

मी म्हटलं, "नाही जी. कधीच नाही."

सर तिले म्हणे, "ऐकलेलं लिहायचं असतं, पाठ केलेलं नाही."

तिनं माहा पदर नीट करून देल्ला अन् गेली.

२० फेब्रुवारी

दोन दिवस वही कोरी. गुलनारनं पेनच धरला नाही. म्हणे, "झूठ का मैं नहीं लिखती." तिचं तोंड तिकडं, बुढी झोपलेली. या वार्डात तीस बाया, अन् बोलाले एक नाही. मी छताकडं पाहत पडली. पंख्याले तीन पाती हायेत, हे आठ वर्षांत पहिल्यांदा पाह्यलं.

आज मोठ्या मॅडम फेरीले आल्या तवा त्यायचा हात धरला. "मॅडम, मी खोटी बोलली. पोरगी खरी हाये. काळीज उधळते, पंधरा दिवसांच्या वर झाले."

मॅडम खाटेवरच बसल्या. "आजी, आत रक्ताची गुठळी होऊन डोक्यात गेली असती तर?"

"मंग तुमाले दुसरी झडप शोधा लागली असती," मी म्हटलं. कोणी हासलं नाही.

छातीले तारा चिकटवल्या. गुलनारनं पेन उचलला.

२२ फेब्रुवारी

तारांनी पकडलं. कागदाच्या पट्टीवर माहं काळीज निघालं, रेघोट्या अशा का लहान लेकरानं ओढल्या. मॅडम म्हणे, बाकीच्या पोरायची परीक्षा चालूच होती, बाहेरचे सर जायच्या आधी ती पट्टी त्यायले दाखवली. पोरगी पास का नापास, ते सांगत नाहीत. "ते माझ्या हातात नाही आजी," म्हणे.

नयनले फोन लावला. उचलला नाही. रविवारच होता.

२४ फेब्रुवारी

अर्पिता आली. पाया पडली नाही, बरं झालं. उभ्यानंच म्हणे, "तुम्ही मला खोटं पाडलंत."

"पाडलं."

"का?"

खरं सांगाची लाज वाटली. तरी सांगतलं, "नीट झाली तं मले इथं कोण बलावन, म्हणून."

तिनं मंग नळी काढली, टोक तळहातावर घासलं. मी म्हटलं, "ऐकून घे पोटभर. पुढं हा आवाज राह्यचा नाही." तिनं डोळे मिटून ऐकलं. जाताना म्हणे निकाल लागाचा हाये. राग गेला नाही तिचा. जाऊ बी नये इतक्यात.

२६ फेब्रुवारी

उद्या नागपूर. फुग्याच्या कागदावर अंगठा मीच देल्ला. जवळच्या माणसाची सही पाह्यजे म्हणे. नयनचा फोन लागला, तं तो म्हणे, "सोमवारी पाहतो." म्हटलं, नको पाहू. गुलनारनं सही केली. सासूजवळ नणंदेले बसवून ती माह्यासंगं नागपूरले येऊन राह्यली. नयनले एवढंच सांगतलं — तू येऊ नको, नागपूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ डब्बा दे. ज्वारीच्या भाकरी अन् जवसाची चटणी, लसूण जास्त घालून. दोघीले पुरन एवढी पाठव.